लूरला वरून काय मारायचं?

गेल्या मे महिन्यात भाचा हतनूरच्या बॅकवॉटरला गेला, तेव्हा माझे पाच लूर, म्हणजे मासे पकडायचे लाकडी नकली मासे, एका डब्यात आणि डबा स्कुटीच्या डिक्कीत. दुपारी उघडला तर पाचही एकमेकांना चिकटलेले. ओढून सोडवले तशी तासन् तास बसून रंगाने काढलेली खवलं कांद्याच्या सालीसारखी निघून आली. "मामा, तुम्ही तर म्हणे एपॉक्सी लोखंडासारखी!"

एपॉक्सी म्हणजे राळ आणि हार्डनर (घट्ट करणारा भाग) कालवून रंगावरून मारायचा पारदर्शक थर. आता लोखंड वगैरे मी म्हणालो असेन. पण घरच्या हवेत सुकलेली बरीचशी एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. भुसावळला बाहेरच ४५, मग बंद डिक्कीत किती? हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, कारण दुकानाच्या पाट्या आणि गाड्या रंगवण्यात माझं आयुष्य गेलंय.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे थिनरमधलं पारदर्शक वॉर्निश, लवकर सुकतं, चकाकतं, पण थर पातळ. लटकता तिहेरी गळ हलून हलून एका दिवसात पोटावर चंद्रकोर कोरतो. मासेमारीच्या मऊ रबरी बेडकाशेजारी ठेवलात तर त्यातलं तेल लॅकर चिकट करून टाकतं. पाच मिनिटांची एपॉक्सी तर विसराच. ब्रश फिरवेस्तोवर घट्ट होते, बुडबुडे आतच राहतात आणि पुढे पिवळी पडते.

संथ सुकणारी एपॉक्सी मात्र काचेसारखी जाड बसते आणि मरळीच्या दातांना चांगली पुरते. हार्डनर अंदाजाने ओतू नका. डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, ते आधी वाचा. उन्हाळ्यात मिश्रण पेल्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडतं, म्हणून उथळ झाकणात पसरा. बुडबुड्यांवर लायटरची ज्योत लांबून फिरवा. लूर गोल फिरत ठेवावाच लागतो, नाहीतर सगळा थर पोटाखाली थेंब होऊन लोंबतो. भंगारातल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, तेवढे बास. मोटर किती व्होल्टची ते बघूनच वायर जोडा. पावसाळ्यात सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला तर साबणाच्या पाण्याने धुवा, मगच दुसरा हात.

आपल्या उन्हासाठी माझी पसंती गाड्यांच्या टू-के पीयू क्लिअरला, म्हणजे हार्डनर कालवून मारायच्या पॉलियुरेथेनच्या पारदर्शक थराला. डिक्कीतल्या उन्हाला तो एपॉक्सीपेक्षा पुष्कळ बरा, आणि पिवळाही उशिरा पडतो. थर पातळ असतो, म्हणून तीन-चार हात लागतात. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. फवारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बरोबर कार्ट्रिजचा मास्क लागतो. शिवाय एकदा कालवलेला माल उरला की फुकट. म्हणून मी एक युक्ती करतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गाडीला क्लिअर मारायचा असला की आदल्या दिवशी माझे लूर तारेला अडकवून देऊन येतो. चहाच्या बदल्यात काम होतं! सुकलेला दिसला तरी आठवडाभर गळ लावू नका.

लूर रंगवण्याआधी हाताचं तेल लागू देऊ नका, नाहीतर क्लिअर तिथे खड्ड्यासारखे डोळे पाडतो. आणि क्लिअर कितीही भारी असो, पाणी शिरतं ते गळ अडकवायच्या स्क्रूच्या डोळ्यातून. सावरीसारखं हलकं लाकूड फुगलं की रंग आतून फुटतो. भोकात आधी पातळ एपॉक्सी सोडा, मग डोळा पिळा.

खाली कुठला रंग आहे ते माहीत नसेल तर कुल्फीच्या काडीवर तोच रंग लावा आणि तोच क्लिअर मारा. थिनरने रंग सुरकुतला तर तिथेच कळतं. नाही सुरकुतला तर पूर्ण सुकू द्या, रात्रभर बादलीत बुडवा, दिवसभर पत्र्यावर टाका, मग गळाच्या टोकाने ओरखडा.

ते पाचही लूर वॉटर पेपरने घासून मी पुन्हा रंगवले, या वेळी पीयू. डबा मात्र भाचा आता ओल्या गोणपाटात गुंडाळून नेतो.