पावसाळ्यात घरात लाकूड साठवताय? निदान या चुका तरी टाळा

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला सुरुवात होते. वाकलेली फळी, पीळ पडलेली पट्टी, बुरशीचे ठिपके, आणि खाली ठरलेला मेसेज, "दादा, पावसाचा एक थेंब लागू दिला नाही हो." अहो पण थेंबाचं कोण बोलतंय? जुलै-ऑगस्टला मुंबईच्या हवेतच ८०-९० टक्के आर्द्रता असते आणि लाकूड ती ओढून घेतं, मग छपराखाली ठेवा नाहीतर पलंगाखाली. अशा हवेत पडून राहिलेल्या लाकडात हळूहळू १६-१८ टक्के ओलावा येतो, आणि किल्न ड्राय, म्हणजे भट्टीत सुकवलेलं, म्हणून जास्त पैसे मोजले असले तरी ते लाकूडही तिथेच जाऊन पोचतं.

प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळणं

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते यावर. भांडुपच्या एका पोराने मे महिन्यात रे रोडच्या लाकूडबाजारातून सागाच्या फळ्या आणल्या, चांगल्या महागातल्या, आणि कुठलातरी व्हिडिओ बघून सगळ्या मधे फट न ठेवता एकावर एक रचून जाड प्लास्टिकमध्ये पॅक, वरून टेप, आणि गठ्ठा ग्रिलच्या बाल्कनीत. गणपतीत मला बोलावलं, का तर वास येतोय. टेप कापली तर प्लास्टिकच्या आतून पाणी ओघळत होतं. फळ्यांच्या मधला गाभ्याचा भाग बराच टिकला होता, सागच तो, पण कडेचं फिकट लाकूड सगळं काळंनिळं आणि त्यावर पांढरी लव. लाकडातला ओलावा मोजायचा मीटर टोचला तर २३ टक्के. विशीच्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं.

झालं काय, तर फळ्या आणल्या तेव्हाच आतून ओल्या होत्या, दुकानदार "सुकलेला माल आहे" म्हणाला आणि याने मान डोलावली. मग दिवसा गठ्ठा तापला की लाकडातला ओलावा बाहेर, रात्री गार झालं की तोच प्लास्टिकला थेंब होऊन परत फळीवर. रंधा मारून मारून डाग काढले तोवर इंचाची फळी पाऊण इंचावर आली.

माझी पद्धत साधी आहे. जमिनीपासून वीतभर वर ठोकळे, त्यावर फळी, मग दर दीड फुटावर साधारण पाऊण इंची पट्टी आडवी, परत फळी. पट्ट्या सुक्याच हव्यात आणि वरच्या खालच्या पट्ट्या एका रेषेत आल्या पाहिजेत, इकडे तिकडे ठेवल्या की फळ्या लाटेसारख्या वाकतात. सगळ्यात वर वजन. दोन्ही टोकांना जुन्या ऑइल पेंटचे दोन हात, कारण ओलावा टोकातून सगळ्यात पटकन ये-जा करतो आणि तडे तिथूनच जातात. ताडपत्री टाकायचीच तर फक्त वरून, बाजू उघड्या.

पावसाळ्यात जोडून एसीत नेणं

ऑगस्टमध्ये टेबलाचा टॉप, म्हणजे वरची फळी, जोडला, फ्रेमला स्क्रूने घट्ट आवळला, पॉलिश मारलं, आणि दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत नेऊन ठेवला. तिथे लाकूड ९-१० टक्क्यांपर्यंत उतरतं. सागाचा दोन फुटी टॉप एवढ्यात रुंदीला ५-७ मिलिमीटर आरामात आकसतो, लांबीला जवळपास काहीच नाही. स्क्रू त्याला आकसू देत नाहीत, मग मधोमध फाटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं लाकूड खराब होतं. फ्रेमला स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच करा, म्हणजे स्क्रू लाकडाबरोबर सरकतो, एवढंच. आणि शक्य असेल तर फळ्या आधी त्याच खोलीत दोन-तीन आठवडे पट्ट्यांवर पडू द्या. हे सांगितलं की लगेच विचारतात, "हेअर ड्रायरने चालेल का?" नाही चालणार! वरचा पापुद्रा सुकतो, पोट ओलंच राहतं, आणि फळी ताटलीसारखी वळते. ज्यांना शनिवारी लाकूड आणून रविवारी टेबल हवंय त्यांनी सरळ प्लायवूड घ्यावं, यात टोमणा नाहीये.

बाकी किरकोळ

पश्चिमेच्या भिंतीला टेकवून उभं ठेवणं. पाऊस तिकडूनच झोडपतो, भिंत आतून गार आणि दमट असते, वर उभी फळी बाक घेते ती वेगळीच.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा खेचणारं यंत्र, लावून खिडकी उघडी ठेवणं. अख्ख्या अरबी समुद्राची हवा सुकवताय का?

मीटर फक्त वर टोचणं. टोकाचा वीतभर तुकडा कापा आणि ताज्या कापावर मध्यभागी टोचा. मीटर नसेल तर तोच तुकडा फळ्यांजवळ ठेवून दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन करा, तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा. आकडा हलायचा थांबला की ते लाकूड तुमच्या खोलीच्या हवेला रुळलं.

आंबा किंवा रबरवूड आणलं आणि विसरून गेलं, हेही नेहमीचंच. फळीखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर किडा आत आहे, ती फळी त्याच दिवशी ढिगातून बाहेर काढा आणि शेजारच्या फळ्या उलटसुलट करून बारीक भोकं बघा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की पटकन दिसतात.