म्हाताऱ्या घोड्याचं खाणं आणि दुखणं: ‘वय झालं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

चांदणी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. माथेरानला दस्तुरी नाक्यापासून वर पर्यटकांना घेऊन जाण्यात तिची सारी उमेद गेलेली. ‘वय झालंय, आता खाल्लेलं अंगी लागत नाही,’ असं तिचा आधीचा मालक म्हणाला आणि आम्हाला ते पटलं. पुढचे तीन महिने आम्ही तिची चंदी वाढवत राहिलो. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, वर गुळाचा खडा. ती आणखी वाळली. शेवटी डॉक्टरांनी तिचा जबडा उघडून आत बॅटरी मारली. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडांना सुरीसारखी धार आलेली, गालाला आतून जखमा, एक दाढ हलत होती. भूक होती, समोर खाणं होतं, फक्त तिला ते चावता येत नव्हतं.

ते तीन महिने मला अजून सलतात. म्हणून हे लिहितोय. घोडं वीस-पंचवीस वर्षांचं झालं की त्याच्या प्रत्येक दुखण्याला आपण वयाचं नाव देतो, आणि दात, खूर, रक्त, ग्रंथी यांतलं खरं कारण तसंच राहतं. वयावर औषध नाही, पण या कारणांपैकी बहुतेकांवर आहे.

दाढा न बघता चंदी वाढवणं

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत उभं राहिलात, तर ओठ वर करून घोड्याचं वय सांगणारे जाणकार पावलोपावली भेटतील. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, विसाव्या वर्षापर्यंत ती दातभर उतरते आणि मग वरून पुसत जाऊन तिशीच्या आसपास नाहीशी होते. हा अंदाजच, पण कामाचा. मात्र हे सगळं पुढच्या दातांचं झालं. घोडं जगतं ते मागच्या दाढांवर आणि तिथे कुणी बघत नाही.

घोड्याची दाढ आयुष्यभर वर सरकत असते, वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर, आणि चावून चावून तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. पंचविशीच्या पुढे हिरडीतला साठाच संपत येतो. मग दाढा हलतात, पडतात, फटींत गवत अडकून कुजतं.

हे ओळखायला तबेल्यात रोज दोन मिनिटं पुरतात. गव्हाणीखाली चावून टाकलेल्या चोथ्याच्या ओल्या सुरळ्या पडल्यात का? घोडं खाताना मान वाकडी करतं का? लिदीत अख्खे दाणे किंवा बोटभर लांब काड्या येतात का? एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर दाढेच्या मुळाशी पू झाल्याची शंका घ्या.

वर्षातून एकदा दाढा तपासून घ्याव्यात, विशीनंतर दर सहा महिन्यांनी. कानस मारण्याचं काम गुंगी देऊन, तोंडाला आधार लावून जनावरांच्या डॉक्टरांनीच करायचं. गावातल्या एखाद्या जाणत्याला बोलावून ‘सगळं सपाट करून टाक’ म्हणणं म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत फार महागात पडतं. मुळात दाढ थोडी उरलेली असते, तीही घासली तर चावायला काहीच राहत नाही.

दाढा गेल्यावर कडबा बारीक कुट्टी करून घातला की भागेल, असा दुसरा समज. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी बारीक असली तरी ताठच असते. ती न चावता गिळली जाते आणि आतड्यात तिचा गठ्ठा बसतो. चांदणीला आता आंबोणासारखं पातळ करून घालतो. लसूणघासाचा वाळलेला पाला किंवा घोड्यांसाठीच बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात तासभर भिजवून, हाताने दाबल्यावर लगदा होईल अशा. जोडीला कोवळं मारवेल किंवा हराळी, जेवढं ती नीट चावते तेवढंच.

प्रमाण अंदाजाने ठरवू नका. टेप घेऊन पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीचा घेर मोजा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आलेल्या संख्येला ११,८८० ने भागा. घेर १६५, लांबी १५० असेल तर वजन साधारण ३४४ किलो. एवढ्या घोड्याला दिवसाला ५ ते ७ किलो कोरडा चारा किंवा त्याच्या बदल्यात भिजवण्याआधी तेवढ्याच वजनाचा आहार लागतो. तो चार-पाच वेळांत विभागून द्या. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही. दर पंधरा दिवसांनी टेपचा आकडा वहीत लिहा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना घोडं वाळलेलं कळत नाही.

उपाशी, हाडं निघालेलं घोडं घरी आणलं असेल तर पहिल्याच दिवशी दाण्याची पाटी पुढे करणं हा जिवाशी खेळ आहे. उपासमारीनंतर एकदम पिष्ट पोटात गेलं की रक्तातले क्षार ढासळतात आणि घोडं तीन-चार दिवसांत दगावू शकतं. सुरुवात लसूणघासाच्या छोट्या छोट्या वाढपांनी करायची, दिवसातून सहा वेळा, आणि दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं.

कोंडा म्हणजे पथ्य, हा गैरसमज

‘दुखणाईत आहे, कोंडाच घाला’ हे घरोघरी ऐकू येतं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. महिनोन्‌महिने तोच मुख्य आहार राहिला तर शरीर रक्तातलं कॅल्शियम सावरायला हाडांतून काढू लागतं. घोडं लंगडतं, ठेचकाळतं, पुढे चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. त्यात आपल्याकडे हिरवा चारा म्हणून संकरित नेपियर सर्रास घालतात. त्यातलं ऑक्झलेट उरलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. गाई-म्हशींना ते पचवता येतं, घोड्याला नाही. नेपियर आणि कोंडा ही जोडी म्हाताऱ्या घोड्यासाठी वाईटच. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे तोल सावरतो. कोंडा मूठभर, चवीपुरता ठेवा. चुनखडीची भुकटी घालायची तर पशुखाद्यात मिळते ती, डॉक्टरांना विचारून. पानाचा चुना चुकूनही नको.

मूत्रपिंडं अधू झालेल्या घोड्याचं गणित मात्र उलटं असतं. त्याला लसूणघासाचं जादा कॅल्शियम सोसत नाही. म्हणून आहार बदलण्याआधी एकदा रक्त तपासून घेतलं की पुढचा बराच गोंधळ टळतो.

गूळ, दाणे आणि लांब केस

चांदणीचं दुसरं दुखणं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी दिसलं नाही. उन्हाळा लागला तरी तिच्या अंगावरचे लांब केस गळेनात. आम्हाला वाटलं, खरारा कमी पडतोय. पाणी भरपूर पिते, गोठा सतत ओला असतो, पाठीचं मांस बसलंय, पोट मात्र सुटलंय. हे सगळं एकत्र दिसलं की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा विकार, म्हणजे कुशिंग, डोक्यात यायला हवा. पंधराच्या पुढच्या घोड्यांत तो बराच आढळतो. एसीटीएच या संप्रेरकाची रक्ततपासणी करून निदान होतं, आणि पर्गोलाइड नावाच्या गोळीने घोडं पुढे कितीतरी वर्षं चांगलं राहू शकतं. गोळी कायमची असते. केस वाढले की कातरून टाका, नाहीतर आपल्या उकाड्यात त्याचा जीव घुसमटतो.

या विकारात गूळ आणि दाणे विषासारखे ठरतात, कारण त्यातून खूर जातात. जास्त पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि त्याचा फटका खुराच्या आत हाड धरून ठेवणाऱ्या पडद्याला बसतो. कुशिंग असलेल्या घोड्यात साखरेनं वाढलेलं इन्शुलिन एकट्यानेच हे करू शकतं. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. घोडं पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतं, वळताना कळवळतं, खूर गरम लागतात, खुरावरच्या सांध्यापाशी नाडी ठणठण उडताना बोटाला कळते.

अशा वेळी ‘फिरवलं की मोकळं होईल’ म्हणून घोडं चालवू नका. मऊ भुश्यावर किंवा वाळूवर उभं करा, पहिले दोन दिवस खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा, दाणे बंद करा, डॉक्टरांना बोलवा. नालबंदालाही त्याच आठवड्यात दाखवा. एरवीही खुरं दर सहा ते आठ आठवड्यांनी साळायची. घोडं कामावरून उतरलं की नालबंदाचं येणं थांबतं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

मग अंगावर मांस चढवायचं कशानं? तेलानं. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं साधं तेल ५० मिलीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत २०० मिलीपर्यंत नेता येतं. त्यात साखर नाही, चावायचं काम नाही. लीद पातळ झाली तर मागे या.

अशक्तपणा म्हणून सोडून दिलेला सर्रा

पावसाळ्यानंतर घोडं एकाएकी खंगलं, ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज दिसते, डोळ्यांच्या कडा फिकट पडल्यात. हे म्हातारपण नाही. डांस (रक्त पिणारी मोठी माशी) चावून पसरणारा सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, किंवा गोचिडांतून येणारा रक्ताचा ताप असू शकतो. ताप असतानाच रक्ताचा नमुना द्या. सर्रावर इंजेक्शन आहे, पण उशीर झाला तर उपयोग होत नाही.

खोकला, पाणी आणि दोन-चार छोट्या गोष्टी

कोरड्या गवताची धूळ आणि बुरशी म्हाताऱ्या घोड्याच्या छातीवर बसते. विश्रांतीतही नाकपुड्या फुगतात, पोट आत-बाहेर होतं. गवत पाण्यात बुडवून ओलं घाला. झाडलोट घोडं बाहेर काढून करा आणि तबेल्याच्या भिंती वरून मोकळ्या ठेवा. पावसाची झड लागू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधणं हा कोकणातला नेहमीचा घोटाळा. आतली हवा कोंडते, लघवीचा झोंबरा वास साचतो आणि खोकला वाढतो.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दात झिजलेल्या घोड्याला थंड पाणी झोंबतं, म्हणून ते पिणं टाळतं आणि पोटशूळ उठतो. हिवाळ्यात कोमट पाणी ठेवून बघा, बादली रिकामी झालेली दिसेल. रोज दोन चमचे मीठ खाण्यात घाला.

गाई-म्हशींची किंवा कोंबड्यांची पेंड घोड्याला कधीच नको. त्यातल्या काहींत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. कोंबड्यांना चालणारं ते प्रमाण घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतं. शेंगदाणा पेंडीला बुरशी लागलेली असेल तर यकृत जातं.

सांधे दुखतात म्हणून माणसांच्या गोळ्या चालू करणारे भेटतात. सततच्या वेदनाशामकांनी पोटात व्रण पडतात, पाणी कमी पिणाऱ्या घोड्याची मूत्रपिंडं बिघडतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून देशात बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मेली. डॉक्टरांनी ठरवलेलं औषध, ठरवलेले दिवस. बाकीचं काम रोज सकाळ-संध्याकाळच्या संथ पंधरा मिनिटांच्या चालण्यानं होतं. दिवसभर खुंट्याला बांधून ठेवलेलं म्हातारं घोडं आखडतंच.

घास अडकला तर

घाईघाईने कोरड्या गोळ्या किंवा हरभरा खाल्ला की घशात अडकतो. नाकातून चाऱ्याचं हिरवट पाणी येतं, घोडं मान ताणतं, खोकतं. घाबरून बाटलीने तेल-पाणी ओतलं जातं आणि ते फुप्फुसात जातं. आमच्या ओळखीतलं एक घोडं घास अडकल्याने नाही, या तेलाने गेलं. पुढचं खाणं-पाणी लगेच काढून घ्या, मान खाली राहील असं शांत उभं करा, डॉक्टर येईपर्यंत तोंडात काहीही घालू नका.

शेवटचा निर्णय पुढे ढकलणं

ही चूक प्रेमापोटी होते. घोडं रोज उठवावं लागतं, कुशीला जखमा झाल्यात, औषधानेही वेदना थांबत नाहीत, आणि आपण म्हणतो, अजून आठ दिवस बघू. काही जण याच टप्प्यावर त्याला बाजार दाखवतात. आयुष्यभर आपल्यासाठी राबलेल्या जनावराला शेवटी अनोळखी टेम्पोत चढवणं मला तरी मान्य नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असह्य यातनांत असलेल्या जनावराला शांतपणे मरण देण्याची तरतूद आहे. डॉक्टरांशी याबद्दल घोडं बरं असतानाच बोलून घ्या. त्या इंजेक्शनाचं औषध शरीरात राहतं, कुत्री-गिधाडांनी खाल्लं तर तीही मरतात, म्हणून खोल पुरावंच लागतं.

चांदणी आता सत्तावीस वर्षांची असावी. गोळी चालू आहे, टेपवर ती ३६२ किलो भरते. तिच्यासाठी आम्ही बांधापलीकडची जागा ठरवून ठेवली आहे, भर पावसातही जेसीबी पोचेल अशी.