दिवाळी अंकाला पहिली कथा पाठवताना

संपादकांचा निरोप बहुतेक वेळा पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि मुदत ऑगस्टच्या आसपास असते. पंचांग बघून हिशोब करू नका. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 12 नोव्हेंबरला. वाटतं, चला, जवळजवळ तीन आठवडे वाढले! ते बहुधा छापखान्याला मिळतात, आपल्याला नाही.

कथा लिहून झाल्यावर पंधरा दिवस तिच्याकडे बघू नका. मग वाचायला बसाल ते शेवटच्या दोन पानांपासून. फाइल उघडली की नजर पहिल्या परिच्छेदावरच पडते, म्हणून तो घासूनपुसून लख्ख होतो आणि शेवट कच्चाच राहतो.

आता खरा सापळा. मला तो अजून सलतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. कथा पाठवली की त्याच रात्री आपण ती पुन्हा वाचतो. एक वाक्य खटकतं. ते बदलताना आणखी चार बदलतात, नायिकेचं सुधा हे नाव जुनाट वाटतं म्हणून ती सुनंदा होते, आणि ‘सुधारित प्रत’ म्हणून नवी फाइल जाते. दोन दिवसांनी ‘अंतिम’, मग ‘अंतिम नवी’. तिकडे पहिल्या फाइलचं काम सुरू झालेलं असतं. युनिकोडमधला मजकूर श्रीलिपी या छपाईसाठीच्या फॉन्टमध्ये नेताना तुटलेली जोडाक्षरं कुणीतरी हाताने दुरुस्त केलेली असतात, मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ बघितलेलं असतं. नवी फाइल घ्यायची म्हणजे ही सगळी मेहनत पाण्यात. मग घाईत कुणीतरी तुमचे बदल जमतील तेवढे जुन्या पानांत घालतं. अंक हातात येतो तेव्हा बाई पहिल्या पानावर सुधा असतात आणि सातव्या पानावर सुनंदा. दोष कुणाला देणार?

पाठवल्यावर बदल हवाच असेल तर पूर्ण फाइल पाठवू नका. पान, परिच्छेद, जुनं वाक्य, नवं वाक्य, एवढंच एका मेलमध्ये लिहा, तेही एकदाच. पानं लागल्यावर नव्या ओळी तर घालूच नका. चार ओळी वाढल्या की मजकूर पुढच्या पानावरच्या जाहिरातीवर जाऊन आदळतो.

हे वाचून धास्तावू नका. संपादक नवख्यांना खातात वगैरे अफवा आहेत. पण हात धरून लिहायला शिकवतील ही अपेक्षाही सोडा. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत; ते मासिक 1982 मध्ये बंद झालं. आज तेवढी सवड कुणालाच नाही. म्हणून पाठवण्याआधी एक तरी खडूस वाचक गाठा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं ‘अप्रतिम!’ काही कामाचं नाही. नामवंत लेखकाकडेही शक्यतो जाऊ नका. तो तुमच्या कथेतून हळूहळू स्वतःची कथा काढतो.

आणि तीच कथा गुपचूप दोन अंकांना? अजिबात नाही.

मुदतीत जमत नसेल तर आठवडाभर आधी फोन करा. ‘वीस तारखेला देतो’ असं आधी सांगितलं तर संपादक पानं राखून ठेवू शकतात. मुदत उलटल्यावर आलेल्या फोनला ते गोड बोलतील, पण तुमच्या जागी दुसरी कथा लागलेली असेल. मग तुमची पुढच्या वर्षी द्या. कथा काही नासत नाही, फक्त तेव्हा ती पुन्हा पहिल्या ओळीपासून घासत बसू नका.