सहा टिकांची ओळ: हातात मावणाऱ्या ट्रॅकरवर पहिलं गाणं

गेली सोळा वर्षं मी हिशेब लिहिते. रकाना वरून खाली वाचायची डोळ्यांना एवढी सवय आहे, की ट्रॅकरची, म्हणजे रकान्यांत आकडे लिहून संगीत रचायच्या साधनाची, स्क्रीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती परकी वाटलीच नाही. वेळ वरून खाली सरकते. एक ओळ म्हणजे एक क्षण, आणि त्या ओळीत नोट, तिचा जोर, वाद्याचा क्रमांक आणि पुढे कमांडचे रकाने. आडव्या पट्ट्यांच्या सॉफ्टवेअरपासून मी दोनदा मागे फिरले होते. इथे मात्र बसले ती बसलेच.

तरीही माझी पहिली पाच-सहा गाणी ताठ वाजायची. नोटा बरोबर, ठोके जागच्या जागी, पण ऐकताना मान हलायची नाही. कारण कळायला बरेच महिने लागले: मी ओळी भरत होते, ओळीच्या आत पाहत नव्हते. ट्रॅकरची एक ओळ साधारणपणे सहा टिकांची असते (टिक म्हणजे ओळीतला वेळेचा सगळ्यात छोटा तुकडा) आणि गाण्यातला जिवंतपणा त्या सहा टिकांमध्ये असतो. म्हणून मी ट्रॅकर शिकवताना ओळीपेक्षा टिकवर जास्त वेळ घालवते.

मी डर्टीवेव्हचं एम-एट वापरते. आठ ट्रॅक, आठ बटणं, तळहाताएवढं यंत्र. पोलिएंडचा ट्रॅकर मिनी किंवा गेम बॉयवरचं एलएसडीजे असेल तर नावं आणि बटणं थोडी बदलतील, विचार तोच राहील. एम-एट घेण्याआधी पारखून पाहायचं असेल तर त्याचं फर्मवेअर टीन्सी ४.१ या छोट्या बोर्डावर मायक्रोएसडी कार्ड घालून चालवता येतं. बोर्डाला स्वतःची स्क्रीन नाही, ती संगणकावर दिसते. मी पहिले दोन महिने असंच शिकले.

रचना आधी समजून घ्या. सोळा ओळींची एक फ्रेज. फ्रेज एकाखाली एक लावल्या की चेन. चेन आठ ट्रॅकवर मांडल्या की साँग. शिफ्ट दाबून बाण दाबला की एका स्क्रीनवरून शेजारच्या स्क्रीनवर जाता येतं. एडिट दाबून ठेवून बाण दाबले की आकडा बदलतो: दोन बाणांनी एकेक पायरी, उरलेल्या दोघांनी मोठी उडी. आकडे सोळाच्या पद्धतीत आहेत, शून्य ते नऊ आणि मग ए ते एफ. म्हणजे १० लिहिलं असेल तर ते सोळा, आणि एफएफ म्हणजे २५५. दशमानात मुरलेल्या माझ्या बोटांना हे आठवडाभर खटकलं, मग सवय झाली. पाठ करत बसू नका.

टेम्पो, म्हणजे मिनिटाला ठोके, १२० ठेवा, हिशेब सोपा जातो. एक ओळ पाव ठोक्याची, म्हणजे १२५ मिलिसेकंदांची, एक टिक जवळपास २१ मिलिसेकंदांची.

पहिल्या ट्रॅकवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, घ्या आणि तयार रेकॉर्ड केलेलं सॅम्पल न घेता ती स्वतः बनवा. साध्या सिंथवर साइन लहर निवडा. साइन नुसती वाजवली तर ती पुटपुटते. किकचा ठोसा येतो तो सूर वरून झपकन खाली पडण्यातून, आणि त्यासाठी टेबल लागतं. टेबलही सोळा ओळींचंच असतं, पण त्याची एक ओळ एका टिकएवढी चालते. पहिल्या चार ओळींत ट्रान्सपोज (सूर किती सरकवायचा तो आकडा) १८, ०सी, ०५, ०० असं लिहा, म्हणजे चोवीस अर्धस्वर वर, मग बारा, मग पाच, मग मूळ सूर. इथे मी बरीच अडकले होते. किक वाजून झाल्यावर मागून आणखी एक हलका टक् ऐकू यायचा. आवाजाच्या पातळ्या तपासल्या, इफेक्ट बंद केले, काही उपयोग नाही. टेबल सोळा टिक संपल्यावर पुन्हा वरून सुरू होतं हे मला माहीतच नव्हतं, आणि तेवढ्यात किकची शेपटी विरलेली नसायची. उपाय एका कमांडचा आहे. जिथे ०० लिहिलंय त्याच ओळीवर हॉप ही उडी मारायची कमांड घाला आणि तिला त्याच ओळीकडे वळवा. टेबल तिथेच थांबून राहतं.

आता किक ०, ४, ८ आणि सी या ओळींवर लावा. दुसऱ्या ट्रॅकवर ४ आणि सी वर स्नेअर. तिसऱ्यावर २, ६, ए आणि ई वर हाय-हॅट. प्ले दाबा. हे ताठच वाजणार. आता आत उतरायचं.

आधी स्नेअर. दोन्ही स्नेअरच्या ओळींवर डिलेची कमांड घालून ०१ लिहा. ही प्रतिध्वनीवाली डिले नव्हे, नोट किती टिक उशिरा वाजावी ते सांगणारी. एकच टिक, २१ मिलिसेकंद. कानाला उशीर म्हणून जाणवत नाही, पण ताल किंचित मागे रेलतो. ०२ करून पाहा, ०३ ला ते चुकल्यासारखं वाटायला लागेल. ही सीमा कुठे आहे ते प्रत्येकाने आपल्या कानांनी शोधावं असं मला मनापासून वाटतं, कारण टेम्पो बदलला की ती सरकते.

मग ग्रूव्ह. मुळात प्रत्येक ओळीला सहा टिक असतात. ग्रूव्हच्या स्क्रीनवर ०७ आणि ०५ लिहिलं तर पहिली ओळ लांब, दुसरी आखूड, आणि झोका येतो. ०८ आणि ०४ केलंत तर झोका थेट तिनाच्या, म्हणजे ट्रिपलेटच्या, चालीवर जातो. जोडीची बेरीज बारा राहू द्या, नाहीतर गाण्याचा वेगच बदलेल. माझ्या उदाहरणात सगळे ठोके सम ओळींवर आहेत, म्हणून ग्रूव्ह बदलूनही तुम्हाला फरक ऐकू येणार नाही. ३, ७ आणि बी वर हळू जोराचे हाय-हॅट घाला, मग झोका लगेच पुढे येतो.

बेसला किल कमांड लागतेच. नवशिके नोट कधी सुरू करायची ते ठरवतात आणि संपायचं वाद्यावर सोडतात. माझं मत असं, की बेसमध्ये नोट कुठे थांबते तेच निम्मं गाणं आहे. किल ०३ लिहिलं की नोट अर्ध्या ओळीत तुटते. चार नोटांची बेस घ्या, दोन नोटांवर किल ०३, एकीवर काहीच नाही, शेवटचीवर ०९ (पण मग पुढची ओळ रिकामी हवी). सूर न बदलता चाल बदललेली ऐकू येईल.

स्वरमेळासाठी तीन ट्रॅक खर्च करू नका. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला तेव्हा हाताशी चारच चॅनल होते. अशा तंगीतच एका चॅनलवर तीन सूर भराभर फिरवायची युक्ती फोफावली. त्याच युक्तीची कमांड आर्प: आर्प ३७ लिहिलं की मूळ सूर, त्याच्या तीन अर्धस्वर वरचा आणि सात अर्धस्वर वरचा असे तीन सूर टिकगणिक फिरतात, आणि मायनर स्वरमेळ तयार होतो. ४७ केलं की मेजर. १२० च्या टेम्पोला सेकंदात ४८ टिक, म्हणजे पूर्ण फेरी सोळा वेळा. म्हणूनच तो स्वरमेळ थरथरता, चमकता ऐकू येतो. मला हा आवाज अतोनात आवडतो.

एवढं जमलं की फ्रेज वाढवायची घाई नको. चेनमध्ये फ्रेजच्या शेजारी ट्रान्सपोजचा रकाना आहे. बेसची एकच फ्रेज चार वेळा लावा आणि त्या रकान्यात ००, ००, ०३, एफबी लिहा. एफबी म्हणजे उणे पाच. एका फ्रेजमधून चार आवर्तनांची हालचाल मिळते. ड्रमच्या ट्रॅकवर असं करायची वेळ आली तर त्या वाद्यांचं ट्रान्सपोज आधी बंद करा, नाहीतर किकचा सूरही सरकतो.

इथे एक गोष्ट हिशेबनिसाच्या डोक्याने लक्षात ठेवा. चेनमध्ये तुम्ही फ्रेजचा क्रमांक लिहिता, फ्रेजची प्रत नाही. एके ठिकाणी सुधारलंत की तो क्रमांक जिथे जिथे आहे तिथे बदल होतो. वेगळं काही करायचं असेल तर आधी क्लोन करून नवा क्रमांक घ्या. मी एका गाण्याचा शेवट सजवताना त्याची सुरुवात पार बिघडवली होती, आणि सेव्ह एकाच नावाने करत असल्यामुळे जुनी सुरुवात परत मिळाली नाही. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला नावापुढे नवा आकडा घालून सेव्ह करते. तुम्हीही करा.

साँगच्या स्क्रीनवर प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र चालतो. एक चेन चार फ्रेजची आणि शेजारची तीनची असेल तर ते एकमेकांपासून सुटत जातील. चुकून झालं तर गोंधळ, ठरवून केलं तर सोनं. हाय-हॅटची फ्रेज बाराव्या ओळीनंतर हॉपने संपवा. किक सोळाची, हॅट बाराची, दोघं ४८ ओळींनी, म्हणजे तीन आवर्तनांनी एकत्र येतात. हॅटमधला एक ठोका जोरात ठेवा, तोवर तो दर वेळी नव्या जागी पडतो आणि तुम्ही एकही नवी नोट लिहिलेली नसते.

मिक्सिंगबद्दल एवढंच: हेडफोनवर बेस छान वाटला तरी फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. तिथे गायब झाला तर एक सप्तक वर घ्या किंवा थोडं डिस्टॉर्शन द्या.

आता गाणं सुरू ठेवून स्नेअरवरची डिले ०१ काढून टाका. चार आवर्तनं ऐका. मग परत घाला.