आंब्याखालच्या हिरवळीतलं शेवाळ

पार्ल्यातल्या आमच्या इमारतीमागे आंब्याखाली हिरवळीचा छोटा तुकडा आहे. पावसाळा संपला की तिथे गवत कमी आणि शेवाळच जास्त. दोन वर्षं मी ते खरवडून काढत राहिले, दर वेळी परत यायचं. शेवाळ गवताला मारत नाही, गवत हटलेली जागा ते घेतं, हे मला फार उशिरा कळलं.

खरी अडचण जमिनीत होती. मुलांच्या खेळण्याने माती घट्ट दाबली गेली होती, पाणी मुरतच नव्हतं. यंदा फेब्रुवारीत आधी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) विरघळवून फवारलं. शेवाळ काळं पडलं, मग ते दाताळ्याने ओढून काढलं. (फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजासारखे डाग जात नाहीत.) नंतर बागेच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडून त्यांत वाळू आणि चाळलेलं शेणखत भरलं. आंब्याच्या खालच्या फांद्या पालिकेची परवानगी घेऊनच छाटल्या.

दूर्वांना भरपूर ऊन लागतं, म्हणून तिथे रुंद पात्याचं, सावली सोसणारं गवत लावलं. ते तीन इंचांखाली कापत नाही आणि पाणी सकाळीच घालते. खोडालगत मात्र अजून शेवाळ आहे, तिथे आता नेचे लावणार आहे.