‘चक्कर आली होती’ एवढ्यावर थांबू नका : हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांबाबत या चुका टाळा

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसणाऱ्या डॉक्टरच्या कानावर एक वाक्य रोज पडते : “डोयापुढं अंधारी आली अन् पडलो, मंग आपोआपच बरं वाटलं.” या वाक्यावर अशक्तपणा, गॅस किंवा मिरगी यांपैकी एक शिक्का बसतो, सलाईनची बाटली लागते आणि रुग्ण संध्याकाळच्या एसटीने गावी परततो. बहुतेकांचे त्यातून काही बिघडत नाही, कारण भोवळ येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे हृदय ठणठणीत असते. मात्र याच गर्दीत एखादा असा असतो, ज्याच्या हृदयाचे खालचे कप्पे काही सेकंद बेफाम वेगाने धावून आपणहून ताळ्यावर आलेले असतात. पुढच्या वेळी ते ताळ्यावर आले नाहीत, तर आकुंचन पावण्याऐवजी ते नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे ढकलले जात नाही, शुद्ध काही सेकंदांत हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हकीकत न विचारता शिक्का मारणे, आणि ती मीही केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळकरी मुलीला मी फिटच्या गोळ्या सुरू केल्या, कारण ती पडली की तिचे हातपाय झटके देत. ती नेहमी दचकल्यावरच पडते, कधी शाळेच्या घंटेने तर कधी पहाटेच्या गजराने, हे तिची आई सांगत होती. मी ते ऐकले, पण लिहून घेतले नाही. पुढे वैद्यकीय महाविद्यालयातील वरिष्ठांनी तिच्या ईसीजीतील क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होईपर्यंतचा काळ, हाताने मोजले, तेव्हा ते ५०० मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे धोक्याइतके लांब, निघाले. तोच ईसीजी माझ्या फाइलमध्ये आधीपासून होता, आणि त्यावर यंत्राने ‘नॉर्मल’ छापले होते.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की हातपाय काही सेकंद झटके देतात, त्यामुळे झटका दिसला म्हणजे मिरगीच, असे समजू नये. मिरगीनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो आणि जिभेची कड चावली गेलेली असते, ठोक्यांच्या बिघाडात तो मिनिटभरात उठून “काय झालं?” असे विचारतो. उन्हात रांगेत ताटकळताना किंवा रक्त पाहून, आधी मळमळ आणि घाम येऊन आलेली भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. बसल्या जागी, झोपेत किंवा धावण्याच्या ऐन मध्यात, कोणतीही सूचना न देता आलेली भोवळ मात्र निराळी. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले गावोगावी पहाटे रस्त्यावर १६०० मीटर धावताना दिसतात; त्यांच्यापैकी कोणी धाव संपवून उभा राहिल्यावर पडला, तर रक्तदाब उतरला असण्याची शक्यता अधिक, पण धावता धावता कोसळला, तर हृदयाच्या स्नायूची जाडी आणि झडपा सोनोग्राफीवर, म्हणजे टूडी इकोवर, पाहिल्याशिवाय त्याला पुन्हा मैदानावर जाऊ देऊ नये.

घराण्याची चौकशी हमखास राहून जाते. “घरात कोणाला हृदयविकार आहे का?” या प्रश्नाला “नाही” असेच उत्तर मिळते, म्हणून प्रश्न वेगळा विचारावा : चाळिशीच्या आत कोणी झोपेत गेले का, आणि उत्तम पोहणारे कोणी विहिरीत किंवा तलावात बुडाले का? क्यूटी लांबण्याच्या एका जन्मजात प्रकारात पोहताना ठोके बिघडतात, आणि गाव त्या मृत्यूचा ठपका विहिरीतल्या आसरांवर ठेवते. असे घर सापडले, तर मृताच्या आईवडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी काढलाच पाहिजे.

ईसीजीबाबत दोन गैरसमज आहेत. यंत्राने छापलेले निदान अंतिम मानणे हा पहिला आणि आज काढलेला ईसीजी निर्दोष आला म्हणजे भोवळ आली त्या दिवशीही हृदय निर्दोष होते असे धरणे हा दुसरा. ठोके बिघडलेले असताना काढलेली पट्टी ही नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा मोलाची असते. म्हणून धडधड सुरू असताना रुग्ण आला, तर तो कोसळलेला नसल्यास इंजेक्शन देण्याआधी ईसीजी काढावा. अधूनमधून त्रास होणाऱ्यांना २४ तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावतात, पण त्रास महिन्यातून एकदा होत असेल, तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये काही न सापडणे याला फारसा अर्थ नाही. आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे आमच्याकडे फार नुकसान होते : ईसीजीचा कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तो खराब होतो आणि जपून ठेवण्यासाठी कोणी लॅमिनेशन केले, तर गरम यंत्रातून तो पुरता काळा होऊन बाहेर येतो. पट्टी हाती आली की लगेच मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढावा.

औषधांच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटलेले असताना अझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि जोडीला डोम्पेरिडोन अशी पुडी सर्रास दिली जाते. ही सर्व औषधे क्यूटी अंतर लांबवू शकतात. बहुतेक रुग्णांना त्याने काहीही होत नाही. पण ज्याचे अंतर मुळातच लांब आहे, त्याच्यासाठी हा मेळ घातक ठरू शकतो. हिवतापाची क्लोरोक्विन आणि मानसिक आजारातील हॅलोपेरिडॉल यांचीही गणना याच यादीत होते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्यांत ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे ठोके बिघडू शकतात, तर पिवळ्या कण्हेरीच्या बियांचे विष डिगॉक्सिनसारखे काम करून हृदयाचा वेग कमालीचा घटवते. म्हणून या रुग्णांना शुद्धीवर येताच घरी न पाठवता त्यांचा ईसीजी वारंवार काढणे आवश्यक आहे. याउलट, ठोक्यांना लगाम घालणारी बीटा ब्लॉकरची गोळी “आता बरं आहे” म्हणून एका दिवसात बंद करणे ही रुग्णाकडून होणारी चूक आहे. आणि खर्रा, ज्याचा उल्लेख टाळता येणार नाही : धडधडीची तक्रार घेऊन आलेला रुग्ण तपासणीच्या टेबलावरच गालफडातला खर्रा सावरताना मी पाहिला आहे, आणि तंबाखूतील निकोटिन ठोके वाढवते, हे त्याला ठाऊक होते.

उपचार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. ईसीजीत जलद आणि रुंद ठोके दिसले, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत ते खालच्या कप्प्यांतून निघालेले आहेत असेच धरावे. रुग्ण बोलतो आहे, बीपी ठीक आहे, म्हणून ते साधे समजून व्हेरापामिल हे ठोके मंदावणारे औषध देणे जिवावर बेतू शकते. बीपी घसरत असेल, तर औषधांच्या मागे वेळ न घालवता छातीवर विजेचा शॉक द्यावा. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. अधूनमधून सुटणारा एखादा जादा ठोका दिसला की तो गोळीने दाबून टाकण्याचा मोह होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर असे ठोके दाबण्यासाठी फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड दिल्यावर काय होते, हे पाहणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासात १९८९ मध्ये असे आढळले की ठोके कमी झाले, पण गोळी घेणाऱ्यांतील मृत्यू वाढले. ईसीजी सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नाही.

कोसळलेल्या माणसाभोवती जमलेल्यांच्या चुका आणखी सोप्या आणि आणखी घातक असतात. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी घालणे आणि मिळेल त्या गाडीत टाकून तालुक्याकडे निघणे, यात हातची मिनिटे निघून जातात. हृदय बंद पडल्यावर काही काळ घोरल्यासारखे, तुटक आचके येतात; “श्वास चालू आहे” असे म्हणून सारे थांबतात तेच इथे. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. दमल्यावर माणूस बदलावा, दाब थांबवू नये. शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक, छातीवर दाब दिला जात नसेल तर, जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. चाळिशीनंतरच्या बहुतेक अकस्मात मृत्यूंच्या मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो, तेव्हा छातीत दाब येऊन घाम फुटलेल्याला गॅसची गोळी देऊन रात्र काढायला लावणे, हीसुद्धा याच मालिकेतली चूक होय.

ज्यांच्या हृदयाची पंपिंगची ताकद, म्हणजे इकोच्या अहवालातील ईएफ, योग्य औषधे पुरेसा काळ घेऊनही ३५ टक्क्यांच्या वर जात नाही, त्यांना छातीत बसवायच्या शॉक यंत्राचा, आयसीडीचा, सल्ला दिला जातो. असे यंत्र माणसाला पहिल्यांदा बसवले गेले ते १९८० मध्ये, अमेरिकेतील बाल्टिमोर येथे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच मोजलेल्या ईएफवर हा निर्णय घेऊ नये. निदान ४० दिवस थांबून पुन्हा मोजावे, कारण बऱ्याच जणांचे हृदय तेवढ्यात सावरते. यंत्र महाग असते, म्हणून ते कोणत्या सरकारी योजनेत बसते याची चौकशी मोठ्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आधीच करावी. यंत्र बसल्यावर एकच शॉक येऊन माणूस ठीक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एका दिवसात दोन किंवा अधिक शॉक आले, तर थेट रुग्णालय गाठावे. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी शेताला लावलेल्या झटका मशीनच्या तारेला अशा रुग्णाने हात लावू नये, कारण तारेतून येणारा वीजप्रवाह यंत्राला बिघडलेला ठोका वाटू शकतो. यंत्राचे ओळखपत्र घरातील सर्वांना ठाऊक असावे, आणि रुग्ण दगावल्यास, त्याचे दहन करण्यापूर्वी यंत्र डॉक्टरांकडून बंद करून काढून घ्यावे लागते, हेही घरच्यांना यंत्र बसवतानाच सांगून ठेवावे; त्यातील बॅटरी चितेवर फुटते.