टोकाला रेंगाळणारं इंजिन: माझा अनुभव

भुसावळच्या प्रदर्शनात मॉडेल रेल्वेची मांडणी जोडली आणि कंट्रोलरपासून लांबच्या वळणावर डब्ल्यूएपी-७ हे विजेच्या इंजिनाचं मॉडेल रेंगाळू लागलं. जवळ मात्र तेच सुसाट. स्केल एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा, एक प्रवासी डबा साधारण २७ सेंटिमीटर, म्हणजे २२ डब्यांना सहा मीटर लागतात; म्हणून मांडणीही लांब. गाडी आखूड करता आली असती, पण भुसावळकरांपुढे? घरोघरी रेल्वेवाले. डबे मोजतात!

वीज रुळांच्या जोडपट्ट्यांमधून पुढे जात होती आणि प्रत्येक जोडावर थोडं व्होल्टेज गळत होतं. मग मांडणीखालून घरच्या वायरिंगची २.५ चौ. मिमी.ची तांब्याची जोडी ओढली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून बारीक वायर सोल्डर केली. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय नाही.

तपासणी सोपी. टोकाच्या दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवायचं. बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. नाही तोडला, तर शॉर्ट झाल्यावर इंजिनाचं प्लास्टिक वितळू शकतं.

या वायरिंगचा दुसरा फायदा आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्यात कळतो. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा रूळ २० अंशांनी तापला की दहा मीटरला सुमारे ३ मिमी वाढतो, आणि कोरड्या हवेत खालचं लाकूड उलट आकसतं. आता जोड सोल्डर करायची गरज नसल्याने तिथे बारीक फट ठेवता येते.

वायरिंगकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. विचारत होते, सावद्याची केळी भरायची सायडिंग कुठे आहे, भाऊ?